लाकूडकाम शिकवणारे ऑनलाइन व्हिडिओ: शिक्षक म्हणून एक परीक्षण

लाकूडकामाच्या ऑनलाइन व्हिडिओंकडे केवळ करमणूक म्हणून पाहिले, तर त्यांच्याविषयी तक्रार करावी असे फार थोडे आहे. खडबडीत फळ्यांतून अर्ध्या तासात नेटके कपाट उभे राहताना पाहणे सुखाचे असते, चित्रीकरण बहुधा उत्तम असते, आणि सांधा कसा बसवावा, सरस किती लावावा, पॉलिशचा हात कसा फिरवावा याविषयीची माहिती पुष्कळदा छापील पुस्तकापेक्षा स्पष्टपणे मिळते. परंतु यांतले बहुतेक व्हिडिओ स्वतःला करमणूक म्हणवत नाहीत. ‘नवशिक्यांसाठी’, ‘सोपी पद्धत’, ‘घरच्या घरी’ असे शब्द मथळ्यात घालून ते शिक्षकाची जागा मागतात. म्हणून हे परीक्षण त्यांना शिक्षक मानूनच केले आहे, आणि तेही एकाच कसोटीवर: विजेवर चालणारे यंत्र पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने पडद्यावर दिसले तसेच हुबेहूब केले, तर त्याची बोटे शाबूत राहतील का? मोफत पाहायला मिळणाऱ्या व्हिडिओंचा बराच मोठा भाग या कसोटीवर नापास होतो.

नापास होणाऱ्यांत उघडपणे अचाट प्रकार करणारे आले, हे सांगायला नको. पायाने फळी दाबून धरून गोल करवत चालवणारा माणूस पाहिला की नवशिक्यालाही काहीतरी चुकते आहे हे कळते. अधिक नुकसान करणारा व्हिडिओ वेगळाच असतो. त्यात शांत आवाजाचा, कामात खरोखर तरबेज असलेला कारागीर असतो, त्याच्या मागे हत्यारे ओळीने लावलेली असतात, सांधे केसभरही न चुकता बसतात, आणि या सगळ्या नेटकेपणाच्या मधोमध संरक्षक झाकण काढून टाकलेल्या टेबल सॉवर (टेबलाच्या चिरेतून गोल पाते वर आलेल्या करवतयंत्रावर) तो उघड्या हाताने पट्टी कापतो. सांध्याबद्दल त्याच्यावर बसलेला विश्वास पाहणारा आपसूकच त्याच्या हातांच्या सवयीवरही ठेवतो.

अशा एका नमुनेदार दृश्याकडे जवळून पाहू. अरुंद पट्ट्या काढायच्या आहेत. टेबल सॉचे पाते फळीच्या वर चार बोटे उघडे उभे आहे. उजवीकडे फेन्स, म्हणजे फळी सरळ सरकावी म्हणून पात्याला समांतर लावलेली पट्टी, आहे, फेन्स आणि पाते यांच्यामधून उजव्या हाताचा अंगठा फळी पुढे रेटतो आहे, आणि कापाच्या शेवटी डावा हात पात्याच्या पलीकडे जाऊन पट्टी मागून ओढून घेतो. पात्याच्या मागे काहीही नाही. उभे राहायची जागा फळीच्या थेट रेषेत आहे. काप स्वच्छ येतो, पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली जाते, आणि दृश्य बदलते. वीस सेकंदांच्या या दृश्यात निदान पाच गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यांपैकी एकीबद्दलही निवेदक अवाक्षर काढत नाही.

त्या चुका का आहेत हे कळण्यासाठी पात्याची चाल समजून घ्यावी लागते. टेबल सॉच्या पात्याचे आपल्या बाजूचे दात खाली जातात आणि लाकडाला टेबलावर दाबून ठेवतात. मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर येत असतात. कापलेले लाकूड आतल्या ताणामुळे मिटले, किंवा फेन्स किंचित तिरपा असल्यामुळे फळी मागच्या दातांकडे लोटली गेली, की ते दात तिला उचलतात आणि थेट कारागिराच्या अंगावर फेकतात. 254 मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 53 मीटर, म्हणजे ताशी 190 किलोमीटरच्या घरात जातो. फळीलाही त्याच्या जवळ जाणारा वेग मिळू शकतो. यालाच किकबॅक म्हणतात. फळीचा मार पोटावर किंवा छातीवर बसतो हा त्यातला अर्धाच भाग झाला. फळी निसटते तेव्हा तिच्यावर जोर देणारा हात आधार गेल्यामुळे पुढे, पात्याकडे जातो, आणि पात्याच्या पलीकडे असलेला हात फळीबरोबर पात्यावर ओढला जातो. धक्का जाणवून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. पात्याला 40 दात असतील, तर तेवढ्या वेळात पाचशेहून अधिक दात त्याच जागेवरून जाऊन आलेले असतात. ‘सावध राहा, लक्ष असू द्या’ हा व्हिडिओंतला लाडका सल्ला या हिशेबापुढे टिकत नाही.

टिकते ती रायव्हिंग नाइफ. पात्याच्या लगेच मागे उभा असलेला हा पोलादी पत्रा पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, पण दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा पातळ असतो. तो चीर मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांपर्यंत पोहोचू देत नाही. पाते वरखाली केले की तोही बरोबर वरखाली होतो. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनानुसार टेबलाच्या पातळीवर पाते आणि हा पत्रा यांच्यात 8 मिलिमीटरपेक्षा जास्त फट असू नये. त्याच मार्गदर्शनात असेही म्हटले आहे की 300 मिलिमीटरपेक्षा आखूड काप असेल, किंवा लांब कापाचे शेवटचे 300 मिलिमीटर उरले असतील, तर हाताऐवजी पुश स्टिक, म्हणजे फळी रेटायची काठी, वापरावी. हा आकडा मनात ठेवून व्हिडिओ पाहू लागले की चित्र पालटते. बोटे पात्यापासून वीतभरच काय, दोन बोटांवरून जाताना दिसतात, आणि पुश स्टिक मागच्या भिंतीवर, सजावटीसारखी टांगलेली असते.

याचे समर्थन म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ येते: ‘स्पष्ट दिसावे म्हणून संरक्षक साधने काढली आहेत.’ हे वाक्य आता इतके सरावाचे झाले आहे की त्याची तपासणी कोणी करत नाही. वरचे झाकण काप झाकते, हे मान्य. पण रायव्हिंग नाइफ काहीच झाकत नाही. ती पात्याच्या मागे, पात्याच्याच रेषेत असते आणि कॅमेरा कुठेही ठेवला तरी आड येत नाही. ती काढण्याला चित्रीकरणाचे कोणतेही कारण नाही. ती बहुधा एकदा खाच पाडण्यासाठी काढली गेली आणि परत बसवण्याचा कंटाळा आला, एवढेच तिच्या गैरहजेरीचे रहस्य असते. शिवाय झाकण काढावे लागणारी काही कामे खरोखर असतात. फळीत आरपार न जाणारी खाच पाडताना वरचे झाकण राहू शकत नाही, पण पात्यापेक्षा किंचित बुटकी असलेली रायव्हिंग नाइफ तेव्हाही जागेवर राहू शकते. चांगला शिक्षक हा फरक सांगेल. व्हिडिओतली ती एक ओळ फरक सांगत नाही. ती फक्त जबाबदारी पाहणाऱ्यावर ढकलते, आणि पुढची वीस मिनिटे पाहणारा जे शिकतो ते त्या ओळीतून नव्हे, तर हातांकडे पाहून शिकतो.

संकलनाचा, म्हणजे चित्रफितीच्या काटछाटीचा, परिणामही लक्षात घ्यायला हवा. माझ्या मते या माध्यमाचा हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला दोष आहे. यंत्र बंद केल्यावर पाते लगेच थांबत नाही. ब्रेक नसलेल्या यंत्रात ते बराच वेळ फिरत राहते. युरोपात लाकूडकामाच्या अशा यंत्रांकडून साधारण 10 सेकंदांत थांबण्याची अपेक्षा केली जाते, यावरून मुळात हा काळ किती लांबू शकतो याची कल्पना यावी. पण 10 सेकंद पडद्यावर काहीही घडत नाही हे कोणत्याही व्हिडिओला परवडत नाही. मग ते कापून टाकले जातात. पाहणाऱ्याला दिसते ते असे: बटण दाबले, आणि पुढच्याच क्षणी हात पात्याशेजारचा तुकडा उचलतो आहे. त्या कारागिराने कदाचित पूर्ण वाट पाहिली असेल. पण पडद्यावर वाट पाहण्याची क्रियाच उरत नाही, आणि नवशिक्याच्या मनात बटण आणि तुकडा या दोन गोष्टी एकमेकांना चिकटतात. प्लग काढून पाते बदलणे, फेन्स पात्याला समांतर आहे का हे मोजून पाहणे, वाकलेली फळी आधी एका बाजूने सरळ करून घेणे या कंटाळवाण्या पायऱ्याही याच कात्रीत जातात. वेग वाढवून दाखवलेल्या दृश्यांत तर फळी किती जोराने रेटायची याचा अंदाजच बिघडतो. मोटरचा आवाज काढून त्यावर संगीत घालण्याची प्रथाही अशीच महागात पडणारी आहे, कारण पाते अडकू लागले आहे हे सर्वांत आधी आवाजातून कळते.

टेबल सॉवरची आणखी एक चूक इतक्या व्हिडिओंत दिसते की तिला चूक म्हणणे काहींना अतिरेकी वाटेल. आडवा काप घेताना फळी माइटर गेजला, म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या आडव्या टेक्याला, टेकवायची आणि लांबी मोजण्यासाठी तिचे दुसरे टोक फेन्सला लावायचे. सगळे तुकडे एकाच लांबीचे निघतात, म्हणून ही युक्ती मोठ्या कौतुकाने शिकवली जाते. परंतु कापलेला तुकडा तेव्हा पाते आणि फेन्स यांच्यामध्ये सापडतो, त्याला मागून कोणी रेटत नाही, तो जरा तिरपा झाला की दोघांमध्ये अडकतो आणि उडतो. उपाय अगदी साधा आहे: फेन्सवर पात्याच्या बराच अलीकडे एक ठोकळा बांधावा, लांबी त्या ठोकळ्यावर मोजावी, आणि फळी पात्यापर्यंत पोहोचेतो ठोकळ्यापासून मोकळी झालेली असावी. हा ठोकळा दाखवणारे व्हिडिओही आहेत, आणि ते पाहिले की इतरांना तेवढा अर्धा मिनिट का देता आला नाही असे वाटत राहते.

आता घरगुती टेबल सॉ. या प्रकाराला अफाट प्रेक्षक आहेत आणि त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण टेबल सॉ महाग असतो आणि हातात धरायची गोल करवत बऱ्याच जणांकडे असते. प्लायवूडला चीर पाडून ती करवत खालून उलटी बसवली की झाले, असे सांगितले जाते. या करवतीत दोन सुरक्षा व्यवस्था मुळातच बसवलेल्या असतात. एक, स्प्रिंगवर चालणारे खालचे झाकण, जे काप संपला की आपोआप पात्यावर येते. दुसरी, बोट उचलताच बंद होणारे बटण. उलटी बसवताना या दोन्ही निकामी केल्याशिवाय काम होत नाही. झाकण तारेने मागे बांधले जाते आणि बटण प्लॅस्टिकच्या पट्टीने कायमचे दाबून ठेवले जाते. व्हिडिओत हे दोन क्षण किती सहजपणे येतात हे पाहण्यासारखे आहे. निवेदक पट्टी आवळतो, जादा शेपूट कातरतो आणि ‘आता यंत्र तयार आहे’ असे म्हणतो. यापुढे यंत्र चालू-बंद होते ते भिंतीवरच्या बोर्डावरून, आणि तो बोर्ड बहुधा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी असतो. खऱ्या टेबल सॉवर वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होऊ नये अशी व्यवस्था असलेले बटण असते. इथे वीज परत येताच पाते स्वतःहून फिरू लागते, त्या वेळी हात कुठे आहे याची पर्वा न करता. रायव्हिंग नाइफ नसते, फेन्स म्हणजे दोन शिकंजांनी धरलेली पट्टी, तीही पात्याला डोळ्याच्या अंदाजाने समांतर. किकबॅकला लागणारी प्रत्येक गोष्ट एका टेबलात गोळा करून दिली आहे. हाच पैसा आणि हेच कष्ट गोल करवतीसाठी सरळ मार्गदर्शक पट्टी बनवण्यात घातले, तर प्लायवूडचे बहुतेक काप तितकेच सरळ येतात आणि करवतीची दोन्ही मूळ संरक्षणे शाबूत राहतात. असे मार्गदर्शक बनवून दाखवणारे व्हिडिओ आहेत. त्यांना या प्रकारात मी सर्वांत वरचा क्रमांक देईन.

अँगल ग्राइंडरची कथा याहून गंभीर आहे, कारण धातू किंवा दगड घासण्या-कापण्याचे ते हातयंत्र लाकडासाठी बनवलेलेच नाही. लाकूड कोरण्यासाठी त्यावर दातांची पाती किंवा साखळीच्या चकत्या चढवल्या जातात, आणि त्या मोठ्या असल्यामुळे झाकण काढावे लागते. वस्तुतः झाकण ही चुकीची चकती बसू न देणारी तपासणीही असते: चकती झाकणात मावत नसेल, तर ती त्या यंत्राची नाही. 125 मिलिमीटरचा ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. त्या चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 72 मीटर भरतो, आणि घासण्या-कापण्याच्या नेहमीच्या चकत्यांवर सेकंदाला 80 मीटरची कमाल मर्यादा लिहिलेली असते. झाकण काढून त्याच यंत्रावर 180 मिलिमीटरची चकती चढवली की कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ 104 मीटर होतो. चकती फाडू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो मर्यादेच्या दीडपटीहूनही वर जातो. हा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. चकतीवर छापलेला फेऱ्यांचा आकडा आणि यंत्रावर छापलेला आकडा यांची तुलना करायला दहा सेकंद पुरतात, पण ही तुलना करून दाखवणारा व्हिडिओ शोधावाच लागतो. दातांच्या पात्याचा धोका वेगळा आहे. ग्राइंडरला पाते लाकडात किती खोल जावे यावर काहीच बंधन नसते. दात गाठीत अडकले की यंत्र हातातून उसळते, आणि त्याचे बटण बहुधा दाबून ठेवण्याच्या कळीने अडकवलेले असल्यामुळे ते निसटल्यावरही फिरतच राहते. बाजूची मूठ काढून एका हाताने ते चालवणारे ‘शिल्पकार’ पडद्यावर रुबाबदार दिसतात, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

राउटरविषयी, म्हणजे फिरत्या बिटने (कोरणाऱ्या पात्याने) कडा आणि खाचा घडवणाऱ्या यंत्राविषयी, व्हिडिओ तुलनेने बरे आहेत, बहुधा राउटर चुकला की आधी लाकूड बिघडते आणि मग हात, म्हणून. तरीही दिशेचा प्रश्न पुष्कळ ठिकाणी वाऱ्यावर सोडलेला असतो. हातातला राउटर फळीच्या बाहेरच्या कडेने वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने न्यायचा असतो, आणि राउटर टेबलावर फळी उजवीकडून डावीकडे. उलट दिशेने नेले तर बिट लाकूड पकडून स्वतःच पळते. माइटर सॉवर, म्हणजे पाते वरून खाली आणून आडवा काप घेणाऱ्या करवतीवर, हाताच्या पंजाएवढे तुकडे बोटांनी धरून कापणे, बाक आलेल्या फळीचा फुगवटा फेन्सला न टेकवणे आणि पाते थांबण्यापूर्वी यंत्राचे डोके वर उचलणे हे तीन प्रकार वारंवार दिसतात. रंधा मारणाऱ्या यंत्रावर आखूड तुकडा उघड्या तळहाताने दाबून नेणे हा चौथा. तिथे बोट तुटत नाही, ते सोलले जाते, आणि सोललेले बोट शल्यचिकित्सकाला परत जोडता येत नाही.

पेहरावाच्या बाबतीत एक विचित्र उलटापालट आढळते. सुरक्षेचे सोंग आणायचे म्हणून हातमोजे घातले जातात, आणि फिरत्या पात्यापाशी किंवा लेथवर तेच धोकादायक असतात, कारण मोज्याचा धागा पकडला गेला की मागोमाग हातही जातो. लांब बाह्या, मोकळे केस, गळ्यातली साखळी, बोटातली अंगठी यांचेही तेच. याउलट ज्या गोष्टी खरोखर हव्यात, म्हणजे चष्मा, कान झाकणारी साधने आणि भुसा ओढून घेणारी व्यवस्था, त्या निवेदकाचा चेहरा दिसावा म्हणून गळ्यात लटकत राहतात. करवतीचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो, आणि अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेच्या, म्हणजे नायोशच्या, शिफारशीप्रमाणे इतक्या आवाजात दिवसाला 15 मिनिटेच राहावे. लाकडाच्या भुश्शाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. ऊन्हाच्या तिरिपेत सोनेरी दिसणारा बारीक भुसा हे या व्हिडिओंचे आवडते दृश्य आहे. श्वासाबरोबर आत जाणारा भुसाही तोच.

कातडीचा स्पर्श ओळखून थांबणाऱ्या टेबल सॉविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यावरचे व्हिडिओ या सगळ्यात सर्वाधिक पाहिले जाणाऱ्यांत मोडतात. स्टीफन गास यांनी 1999 मध्ये शोधलेली ही व्यवस्था ‘सॉस्टॉप’ या नावाने बाजारात आली. पात्यातून एक क्षीण विद्युत संकेत वाहत असतो, शरीराचा स्पर्श झाला की तो बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते 5 मिलिसेकंदांच्या आत थांबवतो. व्हिडिओत बोटाऐवजी सॉसेज वापरून हे दाखवतात, आणि प्रात्यक्षिक अस्सल असते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार त्या एका देशात वर्षाला 30,000 च्या आसपास माणसे टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येतात, तेव्हा या शोधाचे महत्त्व वादातीत आहे. पण व्हिडिओ इथेच थांबतात. ही व्यवस्था किकबॅक थांबवत नाही. उडालेल्या फळीला स्पर्श ओळखण्याशी काही देणेघेणे नाही. ओले लाकूड कापताना ती चुकून सुटू नये म्हणून तात्पुरती बंद ठेवण्याची सोय असते, आणि ती तशी बंद ठेवली असेल तर यंत्र इतर कोणत्याही टेबल सॉसारखेच वागते. एकदा सुटली की ठोकळ्याचा संच बदलावा लागतो आणि पातेही बहुतेक वेळा निकामी होते. काही वाहिन्यांवर हे यंत्र आल्यानंतर झाकण आणि रायव्हिंग नाइफ दोन्ही कायमची नाहीशी झालेली दिसतात. ही तर त्या शोधाचीच थट्टा झाली.

या व्हिडिओंखालच्या प्रतिक्रियांत धोक्याचा उल्लेख कोणी केला की ठरलेले उत्तर येते: ‘मी तीस वर्षे असेच काम करतो, दहाही बोटे जागेवर आहेत.’ उत्तर प्रामाणिक असेल, पण त्यातून सिद्ध काहीच होत नाही. ज्यांची बोटे गेली ते बहुधा व्हिडिओ बनवत बसलेले नसतात. शिवाय तीस वर्षांच्या हाताला फळी अडकू लागल्याचे तळव्यातून कळते, जोर कधी सोडायचा हे त्याला माहीत असते. पडद्यावरून ते दिसत नाही आणि म्हणून शिकताही येत नाही. नवशिक्यापर्यंत पोहोचतो तो फक्त झाकण नसल्याचा भाग.

तरीही सरसकट निकाल देणे अन्यायाचे होईल. तांत्रिक विद्यालयांतून शिकवलेल्या, औद्योगिक कामाचा अनुभव असलेल्या माणसांचे काही व्हिडिओ आदर्श म्हणावेत असे आहेत. ते लांबलचक असतात, दिसायला साधे असतात, आणि त्यात यंत्र सुरू होण्यापूर्वी बराच वेळ बोलणे चालते. अशा व्हिडिओची ओळख पटवायला फार वेळ लागत नाही: पहिला काप घेण्याआधी शिक्षक उभा कुठे राहतो, डावा हात पात्याच्या पुढे कुठवर जाणार आहे आणि अडचण आली तर बटण गुडघ्याने कसे बंद करायचे, हे तो सांगतो, आणि यंत्र बंद केल्यावर कॅमेरा पाते थांबेपर्यंत त्याच्यावरच राहतो. हातहत्यारांचे, सांध्यांचे आणि पॉलिशचे व्हिडिओ, मग ते कोणाचेही असोत, मी नवशिक्याला निःशंकपणे सुचवीन. टेबल सॉ, राउटर आणि ग्राइंडर यांच्यासाठी मात्र आधी यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका, मग कोणी अनुभवी माणूस शेजारी उभा असताना पहिले काप, आणि त्यानंतरच व्हिडिओ, असा क्रम ठेवावा. मथळ्यात ‘घरगुती टेबल सॉ’ आणि चित्रात झाकण नसलेला ग्राइंडर असेल तर तो व्हिडिओ उघडण्याचेही कारण नाही.

एक प्रकार मात्र गुण देण्याच्या पलीकडचा आहे. जुन्या मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून त्याच्या तारा ओल्या लाकडाला लावायच्या आणि विजेच्या झाडासारखी नक्षी जाळून काढायची, हे शिकवणारे व्हिडिओ. तो ट्रान्सफॉर्मर सुमारे 2000 व्होल्ट देतो, आणि तेही जीव घ्यायला पुरेशा प्रवाहासह. घरातला गळती ओळखणारा ब्रेकर इथे वाचवत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला शरीरातून वाहणारा प्रवाह त्याला दिसतच नाही. या प्रकाराने 30 पेक्षा अधिक माणसे दगावल्याची नोंद आहे, आणि लाकूड लेथकाम करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्याला पूर्ण मज्जाव केला आहे. 2022 मध्ये पाककृतींच्या वाहिनीमुळे परिचित असलेल्या ऑस्ट्रेलियातील ॲन रिअर्डन यांनी हा धोका समजावून सांगणारा व्हिडिओ केला, तेव्हा यूट्यूबने धोकादायक म्हणून काढून टाकला तो त्यांचाच व्हिडिओ. ओरड झाल्यावर तो परत आला. नक्षी कशी काढावी हे शिकवणारे कितीतरी व्हिडिओ त्या काळात जागच्या जागी होते.